धाकट्यांची शागिर्दी

जुन्नर तालुक्यांतील खोडद येथें दरवर्षीं २८ फेब्रुवारीस विज्ञानदिनानिमित्त तेथील महाकाय रेडिओ दुर्बीण पाहण्यास शाळा-महाविद्यालयांची रीघ लागते. प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांपैकीं १४ मध्यभागीं व १६ तीन दिशांस फांकलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें हें काम १९९० नंतरच्या दशकांत उभें केलें. आम्ही इतिहासाचे अध्यापक; त्या यंत्रांतलें आम्हांस फारसें उमगतें असें नाहीं. परंतु विद्यार्थ्यांबरोबर एकदां गेलों होतों, आणि परततांना निमगांव सावा येथें एका परिचिताच्या घरीं चहास थांबलों. त्या घराकडे पूर्वीं जोशीपण होतें. आम्ही आकाश पाहून आलों हें ऐकून घरांतील एका वृद्ध गृहस्थांनीं, "आमच्याकडेहि थोडें आकाश आहे," असें म्हणून माळ्यावरून रुमालांत बांधलेलें एक दप्तर काढून आणिलें.

दप्तरांत हातानें लिहिलेल्या पंचांगांचे सुटे बंद होते. तिथि, वार, नक्षत्र, योग, करण आणि त्यांच्या घटिका-पळें, असे वळणदार मोडीमिश्रित बाळबोध अक्षरांत ओळीनें मांडलेले आंकडे. एवढ्यानें आम्ही थांबलों नसतों. असलीं दप्तरें पुष्कळ घरांतून पडलेलीं आहेत. परंतु कांहीं बंदांच्या समासांत दुसऱ्याच हातानें, उभट शाळकरी वळणानें, निराळ्या घटिका लिहिलेल्या होत्या. कोठें दोन-तीन घटिकांचें अंतर, कोठें आठ-दहांचें. वृद्ध म्हणाले, "मूळ अक्षर पणजोबांचें. समासांतलें आजोबांचें. ते त्या वेळीं विशीचे असतील. शाळामास्तर झाले होते." आम्हीं पानें उलटीत गेलों. अखेरच्या दोन वर्षांच्या बंदांवर समास कोरा होता. आंत पणजोबांचेंच अक्षर होतें, पण आंकडे समासांतल्या तऱ्हेचे, नव्या गणिताचे होते.

आम्ही ज्या विषयावर लिहावयास बसलों आहों तो त्या दोन बंदांमधल्या काळांत आहे. तीस-चाळीस वर्षें ज्यानें गांवाला एकादशी सांगितली, त्यानें मुलापुढें पाटी घेऊन बसावें, हें कसें घडलें असेल? आपल्याकडे अध्यात्मांत ही गोष्ट मान्य आहे. योगसामर्थ्याचा अभिमान बाळगणाऱ्या वृद्ध चांगदेवांनीं मुक्ताबाईला गुरु केल्याची कथा आपण भक्तिभावानें ऐकतों. परंतु कचेरी, कारखाना, पाठशाळा अथवा छापखाना, जेथें मनुष्य आपल्या हातच्या विद्येवर पोट भरतो, तेथें मुक्ताबाई आलेली कोणास खपत नाहीं. पंचांगाच्या धंद्यांत ती आली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत महाराष्ट्रांत तिच्यावरून मोठें रण माजलें. त्याची हकीकत आतां बहुतेकांस ठाऊक नाहीं.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, या विद्येच्या मुळाशींच एक बाप आणि एक मुलगा आहे. कोंकणांतील नांदगांव येथील केशव दैवज्ञ हे स्वतः वेध घेणारे ज्योतिषी होते. त्यांचा 'ग्रहकौतुक' हा ग्रंथ शके १४१८ चा, म्हणजे इ. स. १४९६ चा. निरनिराळ्या सिद्धांतांवरून काढलेले ग्रह आकाशांत दिसणाऱ्या ग्रहांशीं जुळत नाहींत, हें त्यांनीं पाहिलें, आणि पुढच्या गणकांनींही वेध घेऊन गणित सुधारीत जावें असें मोकळ्या मनानें लिहून ठेविलें. त्यांच्याविषयीं एक आख्यायिका आहे. एका ग्रहणाची वेळ त्यांची चुकली, दरबारांत मानहानि झाली, तेव्हां गणपतीच्या देवळांत त्यांनीं अनुष्ठान केलें आणि पुत्ररूपानें गणपतीनेंच येऊन तें गणित पुरें केलें. आख्यायिका खरी असो वा नसो, बापाचें चुकलेलें मुलानें दुरुस्त केलें ही गोष्ट लोकांना दैवी चमत्काराशिवाय पचली नाहीं, एवढें तिच्यावरून दिसतें. मुलगा म्हणजे गणेश दैवज्ञ, आणि त्याचा ग्रंथ म्हणजे शके १४४२ चा (इ. स. १५२०) 'ग्रहलाघव'.

'ग्रहलाघवा'ची थोरवी त्याच्या सुटसुटीतपणांत आहे. जुन्या पद्धतींत सृष्ट्यारंभापासून वा कलियुगारंभापासूनचे दिवस मोजावे लागत. गणेशानें अकरा वर्षांचें, ४०१६ दिवसांचें, एक चक्र धरून तो अवाढव्य अहर्गण लहानसा करून टाकिला. ज्या-कोटिज्यांची खटपट अजिबात वगळली. त्याच गणेशानें शके १४४७ मध्यें 'तिथिचिंतामणि' रचून तिथि-नक्षत्रांची कोष्टकें तयार केलीं, तेव्हां तर मध्यम बुद्धीच्या माणसालाही अल्प श्रमांत वर्षाचें पंचांग करतां येऊं लागलें. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या गांवोगांवचे जोशी पुढें सव्वातीनशें वर्षें त्याच दोन पोथ्यांवर चालले. पाडव्यास ते घरोघर वर्षफळ वाचीत आणि खळ्यावर आपलें बलुतें घेत. कोंकणांतील एका तरुणाची युक्ति ही थोड्याच पिढ्यांत आजोबांची परंपरा होऊन बसली, आणि मग तिला हात लावणें हेंच पाप ठरलें.

या परंपरेला चूक होती, पण ती चूक दिसत नसे. येथेंच खरी गंमत आहे. पंचांग खरें कीं खोटें याची गांवकऱ्यांजवळ एकच कसोटी: ग्रहण सांगितल्या वेळीं लागलें कीं नाहीं. आतां ग्रहण लागतें पौर्णिमेस किंवा अमावास्येस. चंद्राच्या गतींत मुख्य असे दोन फेर आहेत. एक सवासहा अंशांपर्यंतचा जवळजवळ आणि दुसरा सवा अंशाचा. आमच्या जुन्या ग्रंथांत पहिलाच तेवढा, तोही सुमारें पांच अंशांचा, धरलेला आहे. योगायोग असा कीं, पौर्णिमा-अमावास्येला दुसरा फेर पहिल्यांतून वजा होऊन बेरीज पांच अंशच येते. अर्थात् ग्रहणापुरतें जुनें गणित ठीक. पण अष्टमीच्या सुमारास तेच दोन फेर एकत्र मिळतात, आणि चंद्र गणितापेक्षां अडीच अंशांपर्यंत पुढें-मागें असतो. तिथीच्या भाषेंत बारा घटिका, म्हणजे घड्याळी पांच तास. अष्टमी केव्हां लागली हें कोणी आकाशांत पाहूं शकत नाहीं. जोश्याची परीक्षा नेमकी तेथें होई जेथें तो बिनचूक होता, आणि जेथें तो चुके तेथें परीक्षकच नव्हता. अशा माणसाला 'तुझें चुकतें' हें सांगावें तरी कसें? चाळीस वर्षांचीं ग्रहणें त्याच्या बाजूनें साक्ष देत होतीं.

या स्थितीला पहिला धक्का विद्येनें नव्हे, छापखान्यानें दिला. गणपत कृष्णाजी यांनीं मुंबईंत १८३१ सालीं पहिलें मराठी पंचांग छापून आठ आण्यांस विकलें. शाईंत चरबी असेल या शंकेनें भिक्षुकवर्ग बिचकला, म्हणून त्यांनीं तुपाची शाई केली असें सांगतात. गांवचा जोशी गणक होता, तो हळूहळू वाचक झाला. पोथी जवळ, पण हात चालेना. आमच्या मतें पुढें जुन्या मंडळींनीं जो त्वेष दाखविला, त्याचें एक मूळ या हुकलेल्या हातांत आहे. केवळ धर्मश्रद्धेंत नव्हे. ज्याचें कसब आधींच काढून घेतलें गेलें आहे, तो उरलेल्या अधिकाराला अधिक घट्ट धरतो.

मग केरो लक्ष्मण छत्रे आले. नागांवचा हा मुलगा मुंबईस चुलत्याकडे आला आणि पोरवयांतच कुलाब्याच्या वेधशाळेंत प्रो. ऑर्लेबार यांच्या हाताखालीं कामास लागला. १८६० सालीं त्यांचीं 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' मराठींत प्रसिद्ध झालीं, आणि शके १७८७ (इ. स. १८६५) पासून आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्यानें नवें पंचांग निघूं लागलें. त्यालाच पटवर्धनी म्हणतात. इंग्रजी नाविक पंचांगाच्या आधारें केलेलें हें गणित आकाशाशीं जुळत होतें. केरूनाना त्या वेळीं चाळिशीचे, सरकारी विद्यालयाचे अध्यापक. शास्त्रीमंडळींच्या मानानें तरुणच, आणि पाठशाळेबाहेरचे.

शास्त्र्यांनीं उत्तर दिलें तें धर्मशास्त्राचें. 'बाणवृद्धि रसक्षय' असा जुना दंडक: तिथि साठ घटिकांहून फार तर पांच वाढेल, फार तर सहा घटेल. नव्या गणितांत ती सात वाढूं लागली आणि दहा घटूं लागली. दशमीचा वेध, श्राद्धतिथि, पारणें या सर्वांचे निर्णय त्या दंडकावर बांधलेले. चंद्र तसा चालतो हें खरें असेल, पण निर्णयग्रंथ त्याप्रमाणें चालत नाहींत, त्याचें काय करावयाचें? हा प्रश्न पोरकट नव्हता, आणि सुधारकांनीं तो पुष्कळदां पोरकट समजून टाकून दिला, हा त्यांचा दोष आम्ही पदरीं घालतों. शिवाय केरूनानांनीं रेवतीची तारा जेथें धरली तेणेंकरून राशिचक्राचा आरंभच जुन्या पंचांगाहून सुमारें चार अंशांनीं निराळा झाला. कांहीं वर्षीं अधिक महिनाच वेगळा येऊं लागला. म्हणजे एका आळींत दोन घरांची दिवाळी महिन्याच्या अंतरानें. अष्टमीची पांच तासांची चूक कोणास दिसत नव्हती. ही दिवाळी मात्र सर्वांस दिसली. ज्यांना शिकवावयाचें त्यांच्या धंद्याचा बारकावा न ओळखतां शिकविलें म्हणजे बरोबर असलेल्या गोष्टीही अंगाबाहेर टाकल्या जातात.

खुद्द केरूनानांनाही लवकरच वादी मिळाला, आणि तो त्यांच्याच पिढींतला. विसाजी रघुनाथ लेले (१८२७-१८९५) हे सायनवादी. त्यांचें म्हणणें असें कीं, ऋतु आणि महिने यांची सांगड तुटूं द्यावयाची नसेल तर तारा कोणती हा वादच नको, संपातापासून मोजा. मकरसंक्रांत उत्तरायण लागतें त्या दिवशीं, म्हणजे डिसेंबरच्या २१-२२ तारखेस. वर्तमानपत्रांतून हा वाद वर्षानुवर्षें चालला. कोंकणांतील मुरुडचा एक मराठी शाळेचा मास्तर तो वाचीत होता. त्याचें नांव शंकर बाळकृष्ण दीक्षित, जन्म १८५३ चा, लेल्यांहून सव्वीस वर्षांनीं लहान. मॅट्रिकपुढें इंग्रजी शिक्षण नाहीं. संस्कृत आणि गणित बहुतेक स्वतःच्या कष्टानें मिळविलेलें. शके १८०६ (इ. स. १८८४) पासून लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित या तिघांनीं मिळून सायन पंचांग काढिलें. केरूनानांसारख्यांशीं झुंज घेऊन ज्यानें केस पिकविले, त्या लेल्यांनीं तिशीच्या मास्तराच्या शेजारीं बरोबरीनें आपलें नांव छापूं दिलें, ही गोष्ट आमच्या दृष्टीनें त्या वादाच्या निकालापेक्षां मोलाची आहे. सायन पंचांग लोकांत रुजलें नाहीं, हें खरें.

दीक्षितांचें मोठेपण मात्र याहून निराळ्या ठिकाणीं आहे. त्यांनीं जुन्या पोथ्या तुच्छ लेखून बाजूला टाकल्या नाहींत. प्रत्येक ग्रंथ घेऊन त्याचें गणित करून पाहिलें, कोठें बरोबर येतें आणि कोठें, किती, कां चुकतें हें लिहिलें. १८९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'ची आम्ही जितकी पारायणें करतों, तितकें हें जाणवतें कीं, 'ग्रहलाघव' किती सुंदर आहे हें जोश्यांना स्वतःला ठाऊक नव्हतें. तें नवें गणित जाणणाऱ्या या मास्तरानें त्यांस दाखविलें. ज्याला आपली पोथी अशा आदरानें समजावून मिळाली, त्याला तिच्यांतली चूकही ऐकून घेतां येते. निमगांवच्या दप्तरांतील समास कोणी भरला तो मास्तरच होता, हें आम्हांस म्हणून विशेष वाटलें. त्या काळीं ही विद्या पुण्या-मुंबईच्या प्रोफेसरांकडून खेड्यांत गेली नाहीं. ती गेली ती ट्रेनिंग कॉलेजांतून बाहेर पडलेल्या तुटपुंज्या पगाराच्या मास्तरांकडून. दीक्षित स्वतः अखेरीस पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजांतच होते.

आतां इंग्रज अधिकाऱ्यांची गोष्ट, कारण ती या विषयाला सर्वांत अधिक लागू आहे. जॉन फेथफुल फ्लीट हे मुंबई इलाख्यांतले सनदी अधिकारी, दीक्षितांहून सहा वर्षांनीं मोठे, कोरीव लेखांच्या वाचनांत त्यांचा हात धरणारा त्या वेळीं क्वचितच. गुप्त राजांचे लेख त्यांनीं जुळवून आणिले, परंतु गुप्तशकाचा आरंभ कोणता हें अडून बसलें होतें. अल्बेरूनी म्हणतो शककालानंतर २४१ वर्षांनीं, म्हणजे इ. स. ३१९ च्या सुमारास. जनरल कनिंगहॅमसारखे ज्येष्ठ पंडित तो दीडशें वर्षें मागें, १६६ च्या आसपास नेत. सागर जिल्ह्यांतील एरण येथें बुधगुप्ताच्या वेळचा एक स्तंभ आहे. त्यावर वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार, असा काळ कोरलेला आहे. वार हीच किल्ली. ज्या आरंभापासून मोजलें असतां त्या द्वादशीस गुरुवार येईल तो खरा. पण चौदाशें वर्षांपूर्वींच्या आषाढी द्वादशीचा वार काढणें हें कोणाचें काम? इतिहासपंडितांचें नव्हे, भाषाशास्त्र्यांचें नव्हे; पंचांगवाल्याचें.

दीक्षितांनीं केरूनानांचीं मराठी कोष्टकें घेतलीं आणि गणित केलें: २१ जून ४८४, गुरुवार. आरंभ ३१९-२० चा ठरला. फ्लीट यांचा गुप्तलेखांचा ग्रंथ १८८८ सालीं निघाला, त्यांत तिथीवरून वार काढण्याची रीत दीक्षितांच्या नांवानें परिशिष्टरूपानें छापलेली आहे. बृहस्पतीच्या बारा वर्षांच्या चक्रावरील त्यांचा निबंधही त्यांतच आहे. कलकत्त्याच्या सरकारी ग्रंथांत मराठी शाळामास्तराचें नांव येणें ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. फ्लीट यांनीं एखाद्या तळटीपेंत 'एका नेटिव्ह गृहस्थानें मदत केली' एवढें लिहून भागविलें असतें तर कोणी विचारलें नसतें. असें भागविणारे अधिकारी तेव्हां थोडे नव्हते, आणि देशी विभागप्रमुखांत आजही थोडे नाहींत.

मद्रासेकडचे रॉबर्ट स्यूएल हे त्याच तोलाचे. १८४५ चा जन्म, दक्षिणेंतील प्राचीन अवशेषांच्या याद्या करण्यांत मुरलेले. त्यांना कोर्टकचेऱ्यांतील दस्तऐवज आणि ताम्रपट यांच्या तारखा तपासण्यासाठीं सोपीं कोष्टकें हवीं होतीं. त्यांतून १८९६ सालीं 'दि इंडियन कॅलेंडर' हा ग्रंथ झाला, आणि त्याच्या मुखपृष्ठावर स्यूएल व दीक्षित अशीं दोन नांवें आहेत. १८९८ च्या एप्रिलांत दीक्षित अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षीं वारले. स्यूएल त्यानंतर पुष्कळ वर्षें जगले, आणि १९१२ मध्यें वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं त्यांनीं 'इंडियन क्रोनॉग्राफी' हा त्याच ग्रंथाचा विस्तार प्रसिद्ध केला. धाकटा गुरु आधीं गेला, आणि थोरला शिष्य त्याचेंच गणित पुढें चालवीत राहिला.

मात्र एवढ्यावरून तरुणांचा पक्ष नेहमींच उदार होता असें कोणी समजूं नये. पुढच्या पन्नास वर्षांत पटवर्धनी, केतकी, टिळक, सायन असे जे पक्ष झाले, त्यांतला प्रत्येक आपल्या जागीं 'ग्रहलाघवी' जोश्याइतकाच हट्टी निघाला. बागलकोटचे व्यंकटेश बापूजी केतकर यांच्यासारखा विलक्षण गणिती आपल्यांत झाला. लोकमान्य टिळक, जे स्वतः केरूनानांचे विद्यार्थी, यांनीं १९०४ च्या मुंबईच्या ज्योतिषपरिषदेंत तडजोडीची खटपट केली. तरी चित्रा कीं रेवती हा तंटा मिटला नाहीं. अखेर १९५२ सालीं डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालीं सरकारला समिति नेमावी लागली, आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अंमलांत आली. ती आकाशवाणीवर ऐकूं येई व राजपत्रावर छापली जाते. सण आपण अजून भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरूनच करतों.

आमचें स्वतःचें म्हणाल तर या लेखांतील एरणच्या वाराचा पडताळा आम्हीं आमच्या विभागांतील एका सव्वीस वर्षांच्या सहाध्यापिकेकडून संगणकावर करून घेतला. तिनें तो चार मिनिटांत केला. पुढचीं तीस मिनिटें ती आम्हांस तें कसें करावें हें दाखवीत होती, आणि तीन वेळां आमच्याकडून तेंच बटण चुकलें. चौथ्या वेळीं तिनें आमचा हात बाजूस सारला नाहीं, तर फक्त "सर, पुन्हा," असें म्हटलें. पस्तीस वर्षें हा शब्द आम्हीं दुसऱ्यांस म्हटला आहे. ऐकतांना तो किती निराळा लागतो, हें त्या दिवशीं कळलें.

निमगांवच्या त्या वृद्ध गृहस्थांना आम्हीं निघतांना विचारलें कीं, समासांतले आंकडे पणजोबांनीं अखेरीस आपल्या ओळींत घेतले, ते कशावरून पटले? ग्रहणावरून तर पटण्यासारखे नव्हते. ते म्हणाले, घरांत ऐकलेली गोष्ट अशी कीं, आजोबांनीं वाद घातला नाहीं. पणजोबांची दृष्टि अधू झाली तेव्हां कोष्टकें वाचून दाखविण्यास त्यांना मुलाला बोलवावें लागूं लागलें. मुलगा तिथिचिंतामणीचे आंकडे वाची, बाप लिही. मग मुलगा केरूनानांचे वाची. बाप आधीं ऐकून घेई आणि गप्प बसे. अशीं कांहीं वर्षें गेलीं. एका वर्षीं बापानेंच सांगितलें, "आधीं ते तुझे वाच."

दप्तर त्यांनीं पुन्हा रुमालांत बांधलें. बसमध्यें आमच्या विद्यार्थ्यांनीं आम्हांस उशीर झाल्याबद्दल कुरकुर केली.